मालक खरी, हमीदार खोटी

नोकरीत हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणं आता मला नीट आठवत नाहीत, कोणतं कुठल्या ठाण्यातलं याचीही सरमिसळ होते. एक मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणी कोणाला साधी थप्पडही मारली नव्हती. तरी त्या काळात मला घरचं जेवण गोड लागत नव्हतं, असं माझी बायको आजही सांगते.

तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनकडे वळलो की ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर एक तिशीची मुलगी बसलेली दिसायची. मांडीवर फाइल, नजर समोरच्या भिंतीवर. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. अंमलदाराला विचारलं तर तो म्हणाला, घरच्या इस्टेटीचं भांडण आहे, दिवाणी मामला, कोर्टात जा म्हणून सांगितलं पण ऐकत नाही. आमच्या खात्यात ‘दिवाणी मामला’ हे फार सोयीचे शब्द आहेत. ज्याला काम नको असतं त्याला ते सगळ्यात आधी सुचतात. मी तिला आत बोलावलं.

तिची हकिकत साधी वाटत होती. वडील नरखेड तालुक्यातले संत्र्याचे बागाईतदार. त्यांनी नागपुरात घर बांधलं. आईवडील गेल्यावर ते घर तिघांच्या नावावर चढलं, थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि ही. थोरल्याचा संत्र्याचा व्यापार. त्यानं माल धुऊन, निवडून बाहेरच्या राज्यात पाठवायचा कारखाना टाकला आणि त्यासाठी घर बँकेकडे गहाण ठेवलं. कारखाना बुडाला, हप्ते थकले, आता घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटली होती आणि लिलाव व्हायचा होता. इथवर ऐकून मी मनातल्या मनात अंमलदाराशी सहमत होत चाललो होतो.

पुढे तिनं सांगितलं ते वेगळं होतं. ती खोली भाड्यानं घेऊन कित्येक वर्षं बँकेच्या परीक्षा देत होती. शेवटच्या प्रयत्नात निवड झाली. पुढच्या परीक्षेला वय बसणार नव्हतं. रुजू होण्यापूर्वी नोकरी देणाऱ्या त्या दुसऱ्या बँकेनं तिचा पतअहवाल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, मागवला, तर त्यात ती थकलेल्या कर्जाची हमीदार म्हणून लागलेली. ज्याचं स्वतःचं नाव थकबाकीत आहे त्याला बँक नोकरी देत नाही. नियुक्ती थांबली. नाव स्वच्छ करून आणायला तिला मुदत मिळाली होती आणि ती मुदत सरत चालली होती.

मी तिला म्हटलं, घर तुमच्याही नावावर आहे, त्यावरचं कर्ज थकलं तर तुमचं नाव खराब होणारच. तिनं मान हलवली.

“सर, मी घराची मालक आहे, कर्जाची नाही. गहाण पडलं असेल तर घर जाईल. पण ज्यानं कर्ज घेतलं नाही, हमीही दिली नाही, त्याचं नाव थकबाकीत येत नाही. माझं आलं. म्हणजे माझ्या जागी कोणीतरी सही करून आलं आहे. मी त्या बँकेची पायरीसुद्धा चढलेली नाही.”

बँकांची कामं बघणारे एक वकील रामदासपेठेत होते, त्यांना मी फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. घर आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या सहमालकाचं फार तर घर जातं, पत जात नाही. अहवालात नाव आलं असेल तर बँकेच्या लेखी ती हमीदार आहेच. म्हणजे एक तर ही मुलगी नोकरीसाठी खोटं बोलत होती, नाहीतर तोतयागिरी झाली होती. खरं सांगायचं तर मला पहिली शक्यता जास्त वाटत होती. पैसे बुडाल्यावर स्वतःची सही न ओळखणारी माणसं मी ढिगानं पाहिली होती.

बँकेकडून कागद मागवले आणि माझा संशय वाढला. फोटो तिचा, आधारची प्रत तिची, सही डोळ्यांना तिच्यासारखीच. तिच्या नमुना सह्या घेऊन हस्ताक्षरतज्ज्ञांकडे पाठवल्या, पण अहवालाला महिनोन्‌महिने लागणार हे मला ठाऊक होतं. सही झाली त्या दिवसाचं बँकेतल्या कॅमेऱ्याचं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं. शाखाधिकाऱ्याचं उत्तर छापील होतं, आमच्या अधिकाऱ्यासमोर सही झालेली आहे. आणि फोटो, कार्डाच्या प्रती वारस नोंदीच्या वेळेपासून थोरल्याच्या कपाटात आहेत, असं ती सांगत होती. हे खरं असू शकत होतं. पण सिद्ध कसं करायचं?

थोरल्याला बोलावलं. पन्नाशीकडे झुकलेला, बोलायला मऊ. येताना माझ्या टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवली, ती मी शिपायाकरवी त्याच्या गाडीला परत लटकवली. त्याचा चेहरा जराही बदलला नाही.

“साहेब, बहीण आहे ते माही. तिनं सही केली तवा सगळं राजीखुशी होतं. आता नोकरीसाठी नाही म्हणून राहिली. मी तरी काय बोलू?”

दोघांना समोरासमोर आणलं. मुलीनं खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला भिडवली, त्याचा हात धरला आणि दादा, माझ्याकडे बघून सांग म्हणाली. त्यानं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघून सांगितलं. कागदावर फोटो कोणाचा आहे तेवढं बघा, असं म्हणाला. धाकटा भाऊ उमरेडकडे कोळसा खाणीत कंत्राटावर गाडी चालवायचा, त्यालाही बोलावलं. दादानं सांगितलं तिथं आपण सही केली, आपला दिवस वेगळा होता, बहिणीचं आपल्याला माहीत नाही, असं तो म्हणाला. पंखा डोक्यावर असून त्याला घाम फुटला होता. खोटं बोलणाऱ्यापेक्षा दुसऱ्याचं खोटं सांभाळणाऱ्याला जास्त घाम येतो, हा माझा अनुभव आहे. पण घामावर गुन्हा शाबीत होत नाही.

मुलगी रोज यायची. पूर्वी भांडायची, आता नुसती बसून राहायची. एकदा जाताना तिनं विचारलं की मुदत संपल्यावर ती निर्दोष ठरली तर त्याचा काही उपयोग आहे का. मला राग आला. तिचा नाही, माझाच.

अशात एका दुपारी ठाण्याच्या फोनवर एक बाई बोलली. फोन आमच्या महिला हवालदारानं घेतला. “त्या दिवशी बँकेत ताई नव्हती. सही घेतली त्या साहेबाले विचारा,” एवढं बोलून तिनं फोन बंद केला. नंबर भावांच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा निघाला. त्याचा मोबाइल अर्धी गल्ली मागून न्यायची. त्या दुपारी कोणी नेला ते त्याला आठवेना, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं.

सही घेणाऱ्या त्या अधिकाऱ्याची बदली जिल्ह्याबाहेर झाली होती. मी स्वतः गेलो. मूळचा दक्षिणेकडचा, मोडक्या हिंदीत बोलणारा, सज्जन पण घाबरलेला माणूस. मुलीचा फोटो दाखवताच त्यानं हीच होती म्हणून सांगितलं. तो दुसरं काही म्हणेल अशी माझी अपेक्षाच नव्हती. नाही म्हटलं असतं तर त्याची स्वतःची नोकरी गेली असती. चेहरा ओळखा म्हटलं की माणूस आधी आपली कातडी वाचवतो. त्या वेळी काय काय झालं ते सांगा म्हटलं की तो नकळत खरं बोलत जातो. म्हणून मी फोटो खिशात घातला आणि त्याला दारातून आत आल्यापासून सगळं सांगायला लावलं.

तो आठवून सांगू लागला. उन्हाळा होता. दोन खुर्च्या समोर ठेवल्या. भाऊ बसला. बाई बसली नाही. त्यानं परत परत बसा म्हटलं तरी कपाटाजवळ उभी राहिली. चहा आला, तोही घेतला नाही. सह्या टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून, उभ्यानंच केल्या. डोक्यावर पदर होता, तो भावानं मान वळवली की आणखी पुढे ओढायची. फार चांगल्या वळणाची बाई वाटली म्हणून लक्षात राहिली, असं तो कौतुकानं म्हणाला.

मी त्याला परत सांगायला लावलं. तो बाहेरचा, त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी मात्र अशाच शेतकरी घरात वाढलो. आमच्याकडे सख्खी बहीण भावासमोर डोक्यावर पदर घेत नाही, त्याच्या शेजारी बसून त्याच्याच बशीतला चहा पिते. जिच्या नवऱ्याचा तो थोरला भाऊ असतो, म्हणजे जिचा तो भासरा असतो, ती त्याच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. माझी बायको माझ्या दादासमोर आयुष्यात बसली नाही. त्या बाईनं मुलीचं नाव घेतलं, सही घेतली, कार्ड घेतलं, पण भासऱ्यासमोर बसणं तिला जमलं नाही. आणि थोरल्याला ते खटकलंही नाही, कारण त्याच्या घरी रोज तेच चालायचं.

त्याला भासरा म्हणणारी बाई एकच होती, धाकट्याची बायको. थोरल्याची बायको वारलेली, त्यामुळे धाकट्याची बायको तिच्या दोन लहान मुलांसह त्याच घरात राहून त्याचं जेवणखाण बघायची. नवरा खाणीवरून सुट्टीला येई.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. थोरला संत्र्याच्या बाजारात असण्याची वेळ धरून मी आणि महिला हवालदार गेलो. दारावर बँकेची नोटीस होती. बाई पंचविशीची, अंगानं बारीक, चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात शिरली. हवालदार तिच्याजवळ खाली बसली, मी चौकटीशी थांबलो. मुलांच्या शाळेचं, माहेरचं विचारून झाल्यावर हवालदार साध्या आवाजात म्हणाली, “किराणावाल्याच्या फोनवरून तूच बोलली ना वं?”

बाईनं गॅस बंद केला. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. गल्लीतल्या कोणीतरी थोरल्याला कळवलं होतं. तो सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. बाई उभी राहिली, पदर कपाळावर आला आणि ती भिंतीकडे सरकली. आमच्या घरच्या बाईशी बोलायचं तर माझ्यासमोर बोला, असं तो म्हणाला. आवाज अजूनही मऊच होता. मी त्याला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. तो हलला नाही. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून इथूनच घेऊन जाईन असं बजावलं तेव्हा दोन पावलं मागं सरला. हवालदारानं दार लावून घेतलं. दाराच्या फटीखाली त्याची सावली तशीच होती.

हे प्रकरण इथंच मरणार, असं मला वाटून गेलं. ती गप्प राहिली तर माझ्याकडे एका बँकवाल्याची आठवण आणि आमच्याकडची रीत, एवढंच होतं. कोर्टात दोन्हीची किंमत शून्य. मी तिला स्पष्ट सांगितलं की ती जे बोलेल ते तिच्याविरुद्धही जाईल आणि बोलायची सक्ती नाही. तिनं विचारलं, “माही पोरं कुठं राहतीन?” हवालदारानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग ती दाराकडे बघत, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. “भासरे म्हणे चाल, मी गेली. काहून जायचं हे विचारायची आमच्या घरी रीत नाही. नवीन नवरी होती तवा मले सही येत नव्हती. ताईनं शिकवली. तिचीच सही गिरवून गिरवून मी हात बसवला, मग आपली केली. ते भासऱ्याले ठाऊक होतं. ताईची नोकरी जाते ऐकलं तवापासून मले घास उतरत नाही, बाई.”

दाराखालची सावली हलली. थोरला पळाला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला आणि मोबाइलवर वकिलाचा नंबर शोधू लागला. त्याला ताब्यात घेतलं.

संध्याकाळी मी मुलीला सांगितलं. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती पांढरीफटक पडली. भावजयीचं नाव घालू नका सर, दादानं केलं म्हणा, अशी विनवणी करू लागली. मी म्हटलं, हमीच्या कागदावर सही दादाची नाही. मग तक्रार मागं घेते म्हणाली. तेव्हा मला कठोर व्हावं लागलं. तक्रार मागं गेली की ती सही तुझी ठरते, नोकरी गेली, आणि थकबाकीदार म्हणून तू जन्मभर मिरवशील, हे तिच्या तोंडावर सांगितलं. भावजयीला वाचवायची एकच वाट आहे, तिनं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सगळं खरं सांगावं. माफीचा साक्षीदार करायचं की नाही हे न्यायालय ठरवतं, मी नाही. आणि तोवर ती आरोपीच राहणार. मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना बाहेर काढून बाईला विचार करायला वेळ दिला. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. ती आतमध्ये फिरली असती तर मी काहीच करू शकलो नसतो. ती फिरली नाही. धाकटा भाऊ दोन्ही मुलांना घेऊन बाहेर बसला होता. दादानं सांगतलं म्हणून मी गप्प राहिलो, एवढं एकच वाक्य तो मला परत परत ऐकवत होता.

त्या जबाबावर मी कर्ज देणाऱ्या बँकेला पत्र लिहिलं, बँकेनं हमीदाराचं नाव वादग्रस्त ठरवून पतअहवालातून काढायला लावलं, आणि मुदत संपायच्या तोंडावर मुलगी रुजू झाली. तिच्या घरातल्या हिश्शाचा लिलावही अडला, कारण तिनं तो गहाण टाकलाच नव्हता. दोन्ही भावांचे हिस्से मात्र गेले, आणि ज्यानं खरोखर सही केली होती त्या धाकट्याची पतही गेली.

राहिला भावजयीचा जामीन. आरोपपत्र दाखल झालं त्या दिवशी ती पहिल्यांदा आरोपी म्हणून कोर्टात उभी राहिली. न्यायालयानं तो मंजूर केला, पण पगारदार किंवा मालमत्तेचा माणूस जामीन हवा होता. नवरा कंत्राटी, दाखवायला पगारपत्रक नाही. थोरल्यानं नात्यागोत्यात तिला कोणी जामीन राहू नका असे निरोप फिरवून ठेवले होते, गावाकडचं कोणी पुढं येईना. दुपार कलली तरी कोणी आलं नाही. धाकटं पोर आईकडे जायचं म्हणून रडत होतं आणि आमची हवालदार तिला कारागृहात न्यायच्या तयारीला लागली होती.

तेवढ्यात ती मुलगी आली. नव्या नोकरीतली पहिली रजा टाकून, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. तिच्या वकिलानं तिला समजावलं की फिर्यादीनंच आरोपीला जामीन राहायचं काही कारण नाही, ही तारखेला आली नाही तर रक्कम तुझ्या डोक्यावर बसेल. मलाही राहवलं नाही. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, अगं, हमीच्या एका सहीपायी तू मरता मरता वाचली, परत सही करून राहिली?

“ते माझी नव्हती, सर,” ती म्हणाली. “हे मी करून राहिली.”

आजही ओळखीची माणसं कागद घेऊन येतात, सही करू का विचारतात. घर नावावर असलं म्हणून कर्ज नावावर होत नाही, आणि घर जाण्यापेक्षा न कळता हमीदार होणं वाईट, हे मी त्यांना समजावतो आणि बहुतेकांना सही नको म्हणतो. पण घरातला थोरला ‘चाल’ म्हणाला की उठून जायचं, ही सवय कुठल्याही कागदापेक्षा जास्त घातक आहे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. ज्याला ‘कशाला’ विचारायची मुभा नाही, त्याच्या हातून काहीही करून घेता येतं. ती मुभा त्या बाईनं स्वतः घेतली, आणि ती घेताना समोर तुरुंग दिसत होता. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं धाडस मी फार थोड्या पुरुषांत पाहिलं.

पुढे न्यायालयानं तिला माफीचा साक्षीदार केलं. तोपर्यंत बऱ्याच तारखा पडल्या. धाकट्यानं बिऱ्हाड उमरेडला हलवलं होतं. तिथून ती दर तारखेला पहिल्या एसटीनं यायची आणि कोर्टाचं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायची. एकदा पोर तापानं फणफणलेलं होतं, तेव्हा त्याला छातीशी धरून आली. हवालदारानं तिला म्हटलं, वकिलाला सांगून तारीख वाढवून घेतली असती. ती म्हणाली, ताईच्या नावावर काही येईल, ते नको.